औषधाच्या दुकानातली मुशी

आमच्या दुकानाच्या माळ्यावर, जुन्या उधारीच्या वह्यांशेजारी, शार्कोफेरॉल टॉनिकची एक रिकामी बाटली आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत मुलगा ती भंगारात काढतो आणि मी ती पुन्हा वर नेऊन ठेवतो. बाटली म्हणून तिची किंमत शून्य. पण समुद्रापासून रस्त्यानं दोनशेहून जास्त किलोमीटर आत असलेल्या शिर्डीत मुशी येऊन पोचली होती, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा उरला आहे.

मुशी म्हणजे शार्क. मुंबईच्या बाजारात मुशी, मालवणकडे मोरी. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गिरगाव चौपाटीवर. मुशी मात्र त्याच्या कितीतरी आधी माझ्या पोटात गेली होती, चमच्याचमच्यानं, रोज रात्री झोपताना.

वडील मूळचे कंपाउंडर. त्यांनी शिर्डीत औषधांचं दुकान टाकलं तेव्हा गाव कोपरगाव तालुक्यात होतं, यात्रेकरू कोपरगाव स्टेशनावर उतरून टांग्यानं यायचे, आणि दुकानात विकण्यासारख्या मोजून चाळीस-पन्नास वस्तू होत्या. आयोडीन, बोरिक पावडर, एरंडेल, ग्राइप वॉटर, कापूस. आणि वरच्या फळीवर टॉनिकं. त्या काळी उसाचं पाणी आलेल्या घरात पोरं धष्टपुष्ट असायची. पण जिरायती वाड्यावस्त्यांवरची माणसं तिन्हीसांजेला भिंत धरून चालायची. रातांधळेपणा. दिवसा सगळं दिसायचं, दिवेलागणीला काही नाही. वडील त्यांना म्हणायचे, भाजी खा, गाजर खा, आणि परवडत असेल तर हे घ्या. ‘हे’ म्हणजे मुशीचं तेल.

या तेलामागची गोष्ट मला फार पुढे, औषधनिर्माणाचा डिप्लोमा करताना कळली. अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी आपल्याकडे पूर्वी कॉडलिव्हर ऑइल यायचं, थेट नॉर्वे आणि इंग्लंडहून. 1940 च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं. समुद्रात पाणबुड्या फिरायला लागल्या आणि मुंबईच्या घाऊक बाजारात कॉडचं तेल मिळेनासं झालं. मग सरकारला आठवलं की आपल्या स्वतःच्या किनाऱ्यावर मुशी आहे. मद्रास सरकारनं कालिकतला तेलाचा कारखाना काढला, त्रावणकोरनं काढला, मुंबई इलाख्यातही तेल गाळायला सुरुवात झाली. तपासणीत दिसलं की आपल्याकडच्या बऱ्याच जातींच्या मुशीच्या तेलात कॉडपेक्षा अ जीवनसत्त्व कितीतरी जास्त आहे. युद्धानं अशी एक देशी औषधाची पेठच उभी केली. बडोद्याचं अलेंबिक त्यात होतं. 1907 साली प्राध्यापक गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी सुरू केलेला हा कारखाना. वडिलांना त्यातलं कोटिभास्कर हे नाव तेवढं आवडायचं. आपला माणूस, म्हणायचे. त्यांच्या शार्कोफेरॉल या नावात निम्मा शार्क आणि निम्मं लोह आहे, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं. गोडाच्या आडून येणारा तो वास कशाचा, हे विचारायचीही सोय नव्हती. वडिलांचा चमचा तोंडापुढे आला की तोंड उघडायचं.

तेल मुशीतच इतकं का, याचं कारण मजेदार आहे. बहुतेक काटेरी माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात तरंगतात. घोळ माशाच्या या पिशवीला, म्हणजे भोताला, आज सोन्यासारखा भाव आहे. मुशीला ही पिशवी नाही. हाडंही नाहीत, सगळा सांगाडा कुर्चेचा. बुडू नये म्हणून निसर्गानं तिला दिलं ते तेलानं भरलेलं प्रचंड यकृत. काही जातींत ते अंगाच्या वजनाच्या पाव भागाइतकं असतं. तिच्या जगण्याची जी युक्ती, तीच तिच्या मरणाचं कारण झाली.

किनाऱ्यावरच्या लोकांना हे तेल युद्धाच्या आधीपासून माहीत होतं. ते होड्यांच्या लाकडाला चोपडायचे. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं. पण होडीला लागतं ते किती? गावातल्या होड्या संपल्या की गरज संपली. बाटलीत भरलेल्या तेलाला अशी हद्द नसते. कॅलिफोर्नियात हेच झालं. तिकडच्या एका जातीच्या मुशीच्या यकृतात अ जीवनसत्त्व ठासून भरलंय हे 1937 च्या सुमारास कळलं, जो तो जाळी घेऊन धावला, आणि सात-आठ वर्षांत मुशी हाताला लागेनाशी झाली. आपल्याकडे तेवढं टोक गाठलं गेलं नाही. त्याचं श्रेय कोणत्याही कायद्याला किंवा दयाबुद्धीला नाही. 1947 साली, आपल्याकडे भलतीच धामधूम चालू असताना, स्वित्झर्लंडमध्ये रोश कंपनीच्या ऑटो इस्लर यांनी अ जीवनसत्त्व कारखान्यात तयार करायची रीत बसवली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते इतकं स्वस्त झालं की मुशी फाडून तेल गाळणं परवडेना. 1970 पासून सरकार लहान मुलांना चमच्यानं अ जीवनसत्त्व पाजू लागलं, एका डोसाला दोन लाख युनिट, आणि वाड्यावस्त्यांवरचा रातांधळेपणा हळूहळू दुकानात दिसेनासा झाला. तो डोस कारखान्यातला. मुशी सुटली ती अशी, हिशेबात न बसल्यामुळे.

मुशी गावात यायची दुसरी वाट राहात्याच्या आठवडे बाजारातून होती. तिथं सुक्या मासळीची एक रांग बसायची. बोंबील, सुकट, वाकट्या, आणि एका कोपऱ्यात मुशीचे मिठात वाळवलेले लांबट तुकडे. तो कोपरा डोळे मिटूनही सापडायचा. मुशीच्या मांसात युरिया असतो, तो मेल्यावर अमोनिया होऊन सुटतो; वाळवलं की वास आणखी दाट. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती, पण गल्लीत बाळंतीण असली की शेजारची आजी मुशी आणायची. दूध चांगलं उतरतं, असा समज. समज कोकणातलाच, घाट चढून आला होता. कढत पाण्यातून काढल्याशिवाय आणि आमसूल घातल्याशिवाय तो तुकडा चुलीवर चढायचा नाही.

तिसरी वाट कॉलेजची. मी नगरला बी.एस्सी. केलं, विषय प्राणिशास्त्र. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला स्कोलिओडॉन. माझ्या पिढीत ज्यानं ज्यानं प्राणिशास्त्र घेतलं त्यानं हा प्राणी फाडला आहे. 1928 साली थिलैयम्पलम यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तेव्हापासून तो देशभरच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. वीतभर ते हातभर लांबीची, फावड्यासारख्या चपट्या नाकाची ही मुशी मुंबईच्या किनाऱ्यावर विपुल. पिंपात फॉर्मेलिनमध्ये बुडवून ती नगरला यायची. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. सर म्हणायचे, कातडीवर दातच आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

मेंदूच्या नसा मोकळ्या करण्यात माझा हात चांगला होता. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पोट उघडलं तर आत पिल्लं निघाली. बोटभर लांबीची, पूर्ण आकार आलेली, प्रत्येक पिल्लू नाळेनं आईला जोडलेलं. अंडी नव्हेत. नाळ. ती मुलगी ट्रे तसाच सोडून बाहेर गेली. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. शिकवायला नमुना उत्तम होता. मीही वहीत आकृती काढली, नावं लिहिली, दहापैकी नऊ गुण मिळवले. बहुतेक मासे लाखांनी अंडी घालतात, त्यातली चार जगली तरी वंश चालतो. मुशीचं गणित आपल्यासारखं आहे, थोडी पिल्लं, पोटात वाढवलेली. स्कोलिओडॉन निदान वर्षा-दोन वर्षांत वयात येते. मोठ्या जातींना दहा-पंधरा वर्षं लागतात. ज्या मासळीला पोर व्हायला इतका वेळ लागतो, तिला बोंबलाच्या हिशेबानं मारून चालत नाही, हे कळायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती होती, तरी पुढची चूक मी केलीच. 2011 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजांतलं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. ती पिंपं आता येत नाहीत.

माझी चूक ही. 1992 साली अमेरिकेत विल्यम लेन या माणसानं एक पुस्तक काढलं. मुशीला कर्करोग होत नाही, असं पुस्तकाचं नावच सांगत होतं. तिच्या सांगाड्यातली कुर्चा वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरून माणसानं खाल्ली तर माणसाचाही कर्करोग हटेल, असा पुढचा दावा. दोन-चार वर्षांत त्या कॅप्सूल घाऊक बाजारातून आमच्यापर्यंत आल्या. औषधकंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, गुळगुळीत कागदावरची पत्रकं ठेवून गेला. शिर्डीत औषधाचं दुकान चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथं येणारा निम्मा माणूस डॉक्टरांनी हात टेकल्यावर आलेला असतो. दर्शन घेऊन बाहेर पडतो, हातात उदीची पुडी असते, आणि समोर औषधाचं दुकान दिसतं.

विदर्भातला एक शेतकरी होता. बायकोला गर्भाशयाचा कर्करोग. दर दोन महिन्यांनी यायचा आणि डबी घेऊन जायचा. किंमत तेव्हाच्या मानानं अवाच्या सव्वा. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, ‘शेठ, खरंच गुण येतो का हो?’ मी म्हणालो, लोक नेतात. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. मुशीला कर्करोग होतो. तशा नोंदी पुस्तकाच्या आधीपासून होत्या. 2000 साली अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगानं लेन यांच्याशी संबंधित कंपनीचे हे दावे बंद पाडले. पुढे रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, उपयोग शून्य. तो शेतकरी पाचव्या खेपेनंतर आला नाही. त्यानंतर मी ती कॅप्सूल मागवली नाही. शहाणपण म्हणून नव्हे, त्याचा चेहरा आठवायचा म्हणून.

एक विचार मात्र तेव्हापासून डोक्यात बसला. मुशी मेली ती कधी अख्खी मुशी हवी म्हणून नाही. कोणाला यकृत हवं, कोणाला कुर्चा, कोणाला पंख. आणि मागणारा दर वेळी इतका लांब बसलेला की त्याला मासा दिसतच नाही. बडोद्यात भरलेली बाटली शिर्डीत फुटायची.

पंखांचा व्यापार या सगळ्यात जुना. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी 1850 च्या सुमारास कराचीच्या मुशीमारीचं वर्णन लिहून ठेवलं आहे, कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तेरा मोठ्या होड्या, प्रत्येकीवर बारा माणसं, काम एकच. वर्षाकाठी पंधरा ते अठरा हजार रुपयांचे पंख. ते मुंबईत यायचे आणि मुंबईतून चीनला जायचे, तिथल्या मेजवान्यांतल्या सुपात. पाण्यावर झोपल्यासारखी तरंगणारी अजस्र मुशी भाल्यानं मारायचे, तिचं नाव बुइस्टनं ‘म्होर’ असं दिलंय. आमच्या मोरीचंच ते थोरलं भावंड असावं, असं मला वाटतं. म्हणजे मुंबईत ससून डॉक बांधून झाला 1875 साली, त्याच्या पंचवीस वर्षं आधीच पंखांचा बाजार तयार होता.

पण तेव्हा होड्या शिडाच्या होत्या. 1960 नंतर यांत्रिक नौका आणि ट्रॉलर आले, जाळी नायलॉनची झाली, बर्फ आला. मुशी पकडायला मुद्दाम जायची गरजच उरली नाही. कोळंबीच्या जाळ्यात ती आपोआप यायची. देशभरची मुशी-पाकटांची मासेमारी वाढत वाढत 1998 साली 75 हजार टनांच्या घरात गेली आणि मग उतरायला लागली. जाळी कमी झाली नव्हती, नौका कमी झाल्या नव्हत्या. मासा कमी झाला होता.

सरकारला जाग आली ती भलत्याच वेगानं. 2001 च्या मेमध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते योग्यच होतं. जुलैत मात्र एका फटक्यात सगळ्याच मुशी आणि पाकटांवर बंदी आली. किनाऱ्यावर ओरड झाली, कारण ज्या जाळ्यात पापलेट येतं त्याच जाळ्यात मोरी येते, आणि जाळं माशाची जात विचारून फेकता येत नाही. डिसेंबरात बंदी मागे घेऊन यादी दहा जातींवर आणली. त्यात करवतमाशाच्या तीन जाती होत्या. 2013 साली नियम झाला की पंख अंगाला जोडलेले असतील तरच मुशी बंदरात उतरवायची, म्हणजे पंख कापून जिवंत धड समुद्रात ढकलण्याची रीत बंद. 2015 च्या फेब्रुवारीत पंखांची निर्यातच थांबवली. तरी 2018 साली महसूल गुप्तचर खात्यानं शिवडीत आणि वेरावळला छापे घातले तेव्हा सुमारे आठ हजार किलो पंख सापडले. एका मुशीचे पंख वाळल्यावर भरतात किती, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

गुजरातेतलं प्रकरण मात्र वेगळं घडलं. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कला ‘बॅरल’ म्हणायचे, कारण तिला गळ टोचून दोरीला रिकामी पिंपं बांधायचे, ती बुडू नये म्हणून. चाळीस फुटांपर्यंत वाढणारा हा मासा दात असून नसल्यासारखा, प्लवंग गाळून खाणारा. नव्वदच्या दशकात तैवानला त्याचं मांस जायचं, तेल होड्यांना. माइक पांडे यांनी 2000 साली त्यावर माहितीपट केला, त्यातून कायदा आला. पण कायद्यानं खारवा कोळ्याचं मन फिरलं नसतं. 2004 मध्ये मोरारीबापूंनी कथेतून सांगितलं की ही दूरच्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला येते ती माहेरी येणारी लेक आहे. तिचं नाव ठेवलं व्हाली, लाडकी. बाळंतपणाला आलेल्या लेकीला कोण मारतं? तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी शेकड्यांनी व्हाली जाळी कापून सोडल्या आहेत. शास्त्रीय माहितीपत्रकांवर इतका खर्च होतो, त्यात एखादा आणा कीर्तनकारांवर झाला तर काम लवकर होईल असं माझं मत आहे. आमच्या कॉलेजच्या ट्रेमधली ती नाळ हेच सांगत होती. आम्ही फक्त आकृती काढली.

रामनवमीला मुंबईहून पालख्या पायी येतात. कसाऱ्याचा घाट, घोटी, सिन्नर करत. त्यात कोळीवाड्यांतल्या पालख्याही असतात आणि शेवटच्या मुक्कामाला सगळ्यांचे पाय फोडांनी भरलेले. मलम, कापूस, पट्टी, आमची रात्र दुकानातच जाते. वेसाव्याचे एक नाखवा बरीच वर्षं येतायत. चालायचं ठरलं की त्या दिवसापासून घरात मावरं बंद. एका वर्षी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना माळ्यावरची बाटली काढून दाखवली. त्यांनी बूच उघडून नाकाशी धरली.

‘तेल गेला, वास नाय गेला,’ ते म्हणाले.

मग बोलत बसले. त्यांच्या लहानपणी मुशी किती मोठी यायची हे हात पसरून दाखवलं आणि हात पुरेनात म्हणून दुकानाच्या शटरपर्यंत बोट नेलं. आता हातभर येते. एकदा त्यांच्या जाळ्यात ठिपक्याठिपक्यांचा प्रचंड व्हेल शार्क अडकला होता, त्यांनी जाळं कापलं. नुकसानभरपाई तेव्हा नव्हती. महाराष्ट्रात ती 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर जास्तीत जास्त 25 हजार रुपये, फोटो किंवा चित्रफीत दाखवून. मी विचारलं, पैसे नव्हते तर कापलं कशाला? ते म्हणाले, ‘एवढा मोठा जीव. तो बघत होता ना, शेठ.’

मी त्यांना अमेरिकेतल्या स्पर्धांबद्दल सांगितलं. तिकडं हौशी माणसं स्वतःच्या नावा घेऊन मुशी मारायला जातात, सगळ्यात जड मुशी आणील त्याला बक्षीस, धक्क्यावर काट्याला उलटी टांगून फोटो. 1975 च्या ‘जॉज’ सिनेमानंतर तर ऊतच आला. ज्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याचं चित्रीकरण झालं, तिथंच 1987 पासून अशी स्पर्धा भरायची. 2013 साली गावच्या मतदारांनी कौल दिला की मुशी पकडा, पण जिवंत सोडा. मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली तर पुढे आयुष्यभर मुशीच्या बचावासाठी बोलत फिरले. नाखवांना यातलं बेंचलींचं काही लागलं नाही. ते अडकले पहिल्याच वाक्याशी.

‘खेळ म्हणून? डिझेल जाळून?’

‘हो.’

‘आणि खात नाय?’

‘बहुतेक नाही.’

त्यांनी पायाची पट्टी घट्ट केली. ‘मग त्यांना जाळ्याचा कायदा कशाला सांगतान, त्यांना इकडं चालत आणा,’ म्हणाले.

आपल्याकडे मुशीच्या स्पर्धा नाहीत. नदी-तलावांवर गळ टाकणारे हौशी आहेत, पवईला त्यांची जुनी संघटना आहे, पण मुशी हा आपल्याकडे कधीच खेळ झाला नाही. ती पोटाचा भाग होती. भीती मात्र भरपूर. 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात मुशीनं एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला, तेव्हा आठवडाभर दुकानात एकच प्रश्न होता, गोदावरीत येईल का? मी नकाशा काढून दाखवायचो. गोदावरी पूर्वेला जाते, समुद्र हजार किलोमीटरवर, मध्ये जायकवाडीपासून धरणांची रांग. तरी पुणतांब्याच्या घाटावर आंघोळीला जाणाऱ्या एका मावशींनी महिनाभर बादलीनं अंगावर पाणी घेतलं.

त्यांना काय सांगणार, मुशी नदीतून यायची गरजच नाही. ती आजही माझ्या दुकानात असू शकते. यकृतातल्या तेलात स्क्वालीन नावाचा एक पदार्थ असतो. त्सुजिमोटो या जपानी रसायनशास्त्रज्ञाला तो 1906 साली मुशीच्या तेलात सापडला. त्यापासून केलेलं स्क्वालेन चेहऱ्याच्या क्रीममध्ये, ओठांच्या मलमात असतं. चिकट न होता कातडीत मुरतं. सगळ्यात जास्त स्क्वालीन खोल समुद्रातल्या मुशींत, आणि त्या वाढायला सगळ्यात संथ. मालदीवमध्ये त्या 1980 पासून यकृतासाठी मारल्या आणि वीस वर्षांत धंदाच संपला, कारण मुशी संपल्या. 2010 साली त्या देशानं मुशीमारीच बंद केली.

मागच्या हिवाळ्यात एमआर नवं क्रीम घेऊन आला. मी डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. त्यात स्क्वालेन होतं. विचारलं, कशापासून? तो म्हणाला, सर, इम्पोर्टेड आहे. मी म्हणालो, ते कळलं, पण माशाचं की झाडाचं? त्यानं फोन लावला, कंपनीला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. मी माल घेतला नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचा आला, त्याच्या डबीवर छापलेलं होतं, वनस्पतिजन्य. हे स्क्वालेन ऑलिव्हच्या तेलातून काढतात, आणि गेली काही वर्षं ब्राझीलमध्ये उसाची साखर आंबवूनही करतात. गुण तोच.

उसाची साखर. लोणीला प्रवरेचा कारखाना 1950 साली उभा राहिला, आमच्या शिवारात पन्नास किलोमीटरच्या आत कितीतरी चिमण्या धूर सोडतात. मुलाला मी सांगून ठेवलंय, क्रीमची डबी ठेवायच्या आधी विचारायचं. तुम्हीही घेताना विचारा. दुकानदार चिडला तर चिडू द्या.